कुसळआईची जीभ

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसलात तर अर्धं वाऱ्यावर जाईल, आणि ही गोष्ट घसा ताणून सांगायची नव्हे. गोष्ट एका जिभेची आहे, म्हणून आधी आपण सगळेच मनात देवाचं नाव घेऊ. जिभेचं काही खरं नसतं, तिला अधूनमधून त्याच्या नावानं विसळून घेतलेली बरी. एक सासू, तिची सून आणि सुनेचा उजवा डोळा, एवढीच माणसं आहेत यात. डोळ्याला माणूस का म्हटलं ते पुढे कळेल. ऐका तर.

दगडाच्या खाणीवर राहणाऱ्यांचं असं असतं की घरात एक वेळ मीठ नसलं तरी चालतं, पण डोळ्यातला खडा काढणारं माणूस हाकेवर हवं. टाकीच्या, म्हणजे दगडाच्या छिन्नीच्या, माथ्यावर हातोडी बसली की दगडाची कपची उडते. कुठे जायचं हे कपची देवालाही विचारत नाही. मुकादमानं मागे एकदा सगळ्यांना जाड काचांचे चष्मे आणून दिले होते. घामानं त्या काचा अशा धुरकटायच्या की माणसाला दगडही दिसेना आणि दगडावरचा हातही. मग ते चष्मे घराघरांत खुंटीला लागले आणि खाणीचा भरवसा पुन्हा कुसळआईवर आला.

तिला सगळी खाण कुसळआई म्हणायची. कुणाच्या डोळ्यात काही गेलं की तो एका हातानं डोळा दाबून तिच्याकडे धावत यायचा. ती त्याला आडवं करून डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापण्या फाकवायची आणि जिभेचं टोक बुबुळावरून असं अलगद फिरवायची की माणसाला फक्त ऊब जाणवायची. मग तळहातावर थुंकून दाखवायची, "हा बघ. एवढ्याशा खड्यासाठी केवढा आरडाओरडा." तिची ही विद्या तिच्या सासूकडून आलेली. बाकीच्या वेळी हीच जीभ पाजळलेल्या टाकीसारखी चालायची. खाणीतले लोक म्हणत, कुसळआईची जीभ डोळ्यात गेली तर गार आणि कानात गेली तर अंगार. ती हे ऐकून हसायची. तिला ते आवडायचं.

घरात तिचा मुलगा आणि सून. मुलगा घण मारायचा. दगड कुठे फुटेल हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, पण माणसाच्या आवाजातलं त्याला फारसं कळत नसे. सून आली होती कुंभाराच्या घरातून. मडक्यावर थापटणं मारून मारून तिचा हात हलका झालेला, तो इथे टाकीवर असा बसला की वर्षभरात तिनं नवऱ्याला मागे टाकलं. ओबडधोबड दगड तिच्यापुढे आला की चार बाजूंनी साबणाच्या वडीसारखा होऊन जायचा. कुसळआई चारचौघांत सुनेचं कौतुक करायची आणि घरात आल्यावर भांडं नीट घासलं नाही म्हणून तिला बोलायची. दोन्ही खरंच होतं. सासूचं मन म्हणजे दोन तोंडांची पहार, दोन्हीकडून खणते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आत पुलाच्या कठड्याचे दगड घडवून द्यायचे होते. कठड्याला कड लागते सरळ, माणसाचा हात टेकला तर बोचू नये अशी. असलं काम सुनेशिवाय कुणाला जमेना, म्हणून मुकादम सकाळ-संध्याकाळ तिच्या दगडापाशी येऊन उभा राहायचा. वारा सुटला होता. गरम, कोरडा, तोंडात माती आणणारा. खाणीत तापाची साथ फिरत होती. कुसळआईही तापली, अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा ओठाच्या कोपऱ्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस होता. ताप उतरताना असं व्हायचंच. जर मुतला, म्हणजे ताप मुतून गेला, असं म्हणून लोक हसायचे. पलीकडची ठेंगणी, खडी फोडणारी, म्हणाली की कुसळआईला तिखट बोलण्याचं फळ देवानं ओठावरच दिलं. कुसळआईनंही तिला एक ठेवणीतली हाणली. हसताना ओठ चिरत होता.

त्याच दिवसांत दुपारी सुनेच्या उजव्या डोळ्यात कपची गेली.

तिनं हातोडी खाली ठेवली, डोळा मिटला आणि चाचपडत पाण्याच्या घागरीकडे निघाली. कुसळआई तिकडे सावलीत बसली होती, अजून पायात त्राण नव्हतं. तिनं हाक मारली, मांडीवर थाप मारली, ये.

"राहू द्या, आई," सून म्हणाली. "मी पाण्यानं धुते. तुमचा ओठ फुटलाय, झोंबेल तुम्हाला."

बोलली ती एवढंच. पण आजूबाजूच्या चार हातोड्या थांबल्या. कुसळआईनं सुनेच्या बोलण्यातली काळजी ऐकली नाही. तिनं ऐकलं की कुंभाराच्या पोरीला माझी किळस येते, आणि हे चार बायकांनीही ऐकलं.

"माझ्या ओठाची चिंता तू करू नकोस," ती म्हणाली. "अख्ख्या खाणीनं ही जीभ डोळ्यात घेतली. तुझाच डोळा तेवढा सोन्याचा लागून गेला का?"

सून घागरीपाशी उभी. हात पाण्यात जाऊ की नको असे. घणावरून नवरा ओरडला की घे ना बाई काढून, मुकादम येईल. ठेंगणी फिसकन हसली. मग सून आली आणि मांडीवर डोकं ठेवून पडली. मान ताठ होती तिची. कुसळआईनं पापण्या जरा जोरानंच फाकवल्या. जीभ फिरली. डोळ्याचं खारट पाणी ओठाच्या पुळ्यांना लागलं आणि एकदम आग झाली. झोंबेल म्हणाली होती ते खरं झालं, याचाच कुसळआईला राग आला. तिनं खडा तळहातावर घेऊन सगळ्यांना फिरवून दाखवला. सुनेनं डोळा पुसला आणि जाऊन टाकी उचलली.

आठवडा गेला असेल नसेल, सुनेचा तो डोळा लाल झाला. आत वाळू असल्यासारखं खुपतं म्हणायची. पाणी वाहायचं. उजेड तर सोसेचना. उन्हाकडे पाठ करून, डोक्यावरचं फडकं नाकापर्यंत ओढून ती दगड घडवायची. कुसळआईनं एकदा दोनदा बघितलं आणि म्हणाली, नव्या नवरीसारखी घुंगट ओढून बसू नकोस, दगड काही लाजत नाही तुझ्याकडे बघून. बायका हसल्या. सुनेनं फडकं थोडं मागे घेतलं आणि काम चालू ठेवलं. गालावरून पाण्याचा ओघळ यायचा, त्यावर दगडाची पूड बसायची, आणि संध्याकाळी घरी आली की अर्धा चेहरा पांढरा असायचा.

पण कुसळआई काही दगडाच्या काळजाची नव्हती. सकाळी पापण्या चिकटलेल्या पाहिल्या तेव्हा तिला राहवलं नाही. ती लोहाराकडे गेली. लोहाराच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यातली डोळ्याच्या थेंबांची बाटली अर्धी उरली होती. लोहार भाता ओढता ओढता म्हणाला की घेऊन जा, आईचा डोळा असाच लालबुंद होता, याच्यानं कसा कापसासारखा झाला. कुसळआईनं बाटली जपून आणली. सुनेचं डोकं पुन्हा त्याच मांडीवर घेतलं, या वेळी हलक्या हातानं, आणि थेंब सोडला. सकाळी सोडला, दुपारी सोडला, संध्याकाळी सोडला. स्वतः सोडायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि डोळा खरंच उतरला. लाली गेली, खुपणं गेलं. कुसळआईनं देवापुढे हात जोडले. रोज संध्याकाळी दिवा लागला की ती देवाच्या चार ओळी गायची. आवाज जाडा होता, पण गाताना डोळे मिटायची तेव्हा घरातलं भांडंही वाजायचं नाही. त्या संध्याकाळी ती चारऐवजी आठ ओळी गायली. माणसाला आपलं चुकलेलं पाऊल बरोबर पडल्यासारखं वाटतं ना, तेव्हाच देव गालात हसत असावा. रागानं नव्हे. आई मुलाकडे पाहून हसते तसा.

पुढे सून एकदा म्हणाली, "आई, या डोळ्यानं धूर दिसतो."

"दुखतो का?"

"नाही."

"मग झालं तर. भट्टीचा धूर असेल."

दोनेक दिवसांनी मुकादम आला आणि कठड्याच्या तयार दगडावरून अंगठा फिरवत चालला. एका दगडाशी अंगठा थांबला. त्यानं पुन्हा फिरवला. कडेला बोट जाईल एवढी खाच होती. आणि रेघ पुढे जाऊन वाकली होती, जशी शिकाऊ माणसाची वाकते. मुकादम ओरडला नाही. त्यानं दोन गड्यांना बोलावलं, दगड उलटा करवला आणि कोळशानं त्यावर मोठी फुली मारली, सगळ्यांना दिसेल अशी. मग सुनेला म्हणाला, "काय बाई, झोपेत घडवलास का हा?"

सून हातातल्या टाकीकडे बघत राहिली. मग तिनं डावा डोळा तळहातानं झाकला आणि म्हणाली, "मला टाकीचं डोकं दिसत नाही. पांढरं दिसतं सगळं." नवऱ्यानं घण खाली ठेवला. एवढ्या वर्षांत दुपारच्या भर कामात त्याचा घण असा थांबलेला कुणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दगडाच्या ट्रकमधून तिघं शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. बाकावर माणसं दाटीनं बसलेली, कुणाच्या डोळ्यावर पट्टी, कुणाच्या काळा चष्मा. मुलाला कागद काढायला खिडकीच्या रांगेत थांबावं लागलं, म्हणून आत गेल्या त्या सासू आणि सून दोघीच. हे मुद्दाम सांगितलं, ध्यानात ठेवा.

डॉक्टरीणबाई मुलाच्या वयाची होती. तिनं केशरी कागदाची पट्टी सुनेच्या पापणीला आतून टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि यंत्रातून निळा उजेड डोळ्यात सोडला. बराच वेळ बघत राहिली. मग कापसाची बारीक वात वळून तिचं टोक सुनेच्या बुबुळाला लावलं. सून ढिम्म. पापणी लवली नाही. कुसळआईला वाटलं, बरं झालं, दुखत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, "हेच वाईट आहे. डोळ्याची जाणीवच गेलीय."

तिनं कुसळआईलाही यंत्रापाशी बोलावलं. कुसळआईनं डोळा लावला. सुनेच्या काळ्या बुबुळाच्या मधोमध एक हिरवं तळं चमकत होतं, आणि तळ्याच्या काठाला फांद्या फुटल्या होत्या. बाई समजावत होती की आधी यात नुसतं झाड असतं, बारीक फांद्यांचं, नखाएवढंही नाही, तेव्हाच आला असतात तर डोळा साफ झाला असता. कुसळआईला ते झाड ओळखीचं वाटलं. दगड फोडला की कधी कधी आत अशीच काळी नक्षी निघते, जणू कुणी झाड काढून ठेवलंय. शिकाऊ पोरं ती बघायला धावतात. जाणता माणूस तो दगड बाजूला टाकतो, कारण तो त्याच रेघेवर फुटतो.

मग बाईनं बाटली मागितली. वाचली. हे कुणी घातलं, असं विचारलं.

"मी घातलं," कुसळआई म्हणाली. लगेच म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर देताना तिची जीभ अडखळली नाही.

बाई रागावली नाही, नुसता श्वास सोडला. म्हणाली की औषध चांगलं आहे, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्याला. या आजारात ते म्हणजे चोराच्या हाती किल्ली. वरून लाली उतरवतं आणि आत विषाणूला रान मोकळं करून देतं. तापानंतर ओठावर पुळ्या येतात ना, त्याच विषाणूचं हे काम. ओठावर येतो तेव्हा आठवड्यात जातो, माणूस विसरूनही जातो. डोळ्यात गेला तर डाग ठेवून जातो. आणि मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता तिनं विचारलं, "मध्यंतरी घरात कुणाच्या ओठावर आल्या होत्या का अशा पुळ्या?"

बघा, मंडळी, खोली लहान होती. वर पंखा फिरत होता. कुसळआईच्या ओठांवर आता काही नव्हतं, खपली कधीच पडून गेली होती, कातडी कशी स्वच्छ. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिनं तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. पंखा फिरला, आणखी फिरला. सुनेनं मान वळवली आणि चांगल्या डोळ्यानं सासूकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती वाट पाहत असल्यासारखं पाहत होती. मग तिनं मान परत फिरवली.

"नाही," सून म्हणाली. "कुणाच्याच नाही."

बाईनं मान डोलावली. म्हणाली की असंही असतं, बऱ्याचदा तो आपल्याच अंगात झोपलेला असतो आणि आपलाच आपल्याला होतो, नेमकं कुणी सांगू शकत नाही. मलम लिहून दिलं, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की डाग पूर्ण जाणार नाही आणि हा पाहुणा पुन्हाही येऊ शकतो.

नेमकं कुणी सांगू शकत नाही, हे एवढंच वाक्य कुसळआईनं ट्रकमध्ये मुठीत घट्ट धरून ठेवलं. खड्डा आला की मूठ सुटायची आणि तो खारट झोंबरा ओठ आठवायचा.

मग मलमाचे दिवस आले. कुसळआईनं सगळं अंगावर घेतलं. पाणी तिनं आणलं, चूल तिनं पेटवली, भांडी तिनं घासली. सून उठू लागली की खांदा दाबून बसवायची. मुलगा चकित. म्हणाला, आई, तू बदललीस. कुसळआईला ते चापटीसारखं लागलं. संध्याकाळी दिवा लागायचा, ती हात जोडून बसायची, ओळ ओठांपर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. ज्या तोंडानं हे केलं त्याच तोंडानं देवाचं नाव कसं घ्यायचं? मुलानं विचारलं, गात का नाहीस. घसा बसलाय, म्हणाली. हेही खोटंच. एक खोटं घरात आलं की त्याला जेवायला सोबत लागते.

डोळा शांत झाला, पण बुबुळाच्या मधोमध ताकाचा थेंब पडल्यासारखा डाग राहिला. त्यातून सुनेला माणूस आल्याचं कळायचं, कोण आलं ते कळायचं नाही. ती पुन्हा खाणीत बसली. एका डोळ्यानं काम करायचं म्हणजे वस्तू किती लांब आहे याचाच अंदाज जातो. ती हातोडी उचलायची आणि ती टाकीच्या माथ्याच्या अलीकडे पडायची, कधी पलीकडे. अंगठा काळानिळा झाला. मुकादम म्हणाला, असंच चाललं तर हिला कठड्यावरून उठवून खडी फोडायला बसवू. खाणीतल्या तोंडांना तर कुलूप नसतं. कुसळआईनं खडा काढूनही डोळा गेला, म्हणजे पोरीचंच काहीतरी पाप असणार, असं बायका म्हणू लागल्या. ठेंगणी म्हणाली की ती पाणी पाणी करत होती, मनापासून आली नव्हती, मग गुण कसा येईल. कुणीतरी सुनेला काणी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. काणे, पाणी दे. काणे, बाजूला हो. कुसळआई हे ऐकायची. तिच्या जिभेला एरवी अशा बायकांची सालटी काढायला क्षण लागला नसता. आता ती खाली बघून जमिनीवर काडीनं रेघा मारायची.

एक दिवस ती सुनेपुढे जाऊन बसली आणि टाकी स्वतःच्या हातात धरली. म्हणाली, मी धरते, तू मार, तुझा हात बसेपर्यंत. सून नको म्हणाली. ही हटेना. मग ठाक, ठाक, सुरू झालं. बरेच घाव माथ्यावर बसले. एक चुकला आणि कुसळआईच्या बोटांवर आला. तिनं हूं की चूं केलं नाही. नख काळं झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बसला, मग आणखी. तिनं टाकी सोडली नाही. खरं सांगायचं तर घाव चुकला की तिला आत कुठेतरी हलकं वाटायचं. वाटायचं, तेवढं फिटलं.

सुनेनं हातोडी दगडावर ठेवली.

"हात काढा, आई."

"लागलं नाही मला."

"रक्त येतंय. तुमची बोटं ठेचून माझा डोळा यायचा नाही. आणि मला रोज एक पाप कशाला करायला लावता?"

कुसळआईनं बोटं फडक्यात गुंडाळली. घण लांब वाजत होता, मुलगा ऐकण्याच्या टप्प्यात नव्हता. तिनं सगळं बळ एकवटून विचारलं, "डॉक्टरीणबाईंना तू ‘नाही’ का म्हणालीस?"

सुनेनं दगडावरची पूड हातानं झाडली.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही बोलला नाहीत. मग कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं."

बस. टाकी स्वतः धरली आणि हळूहळू मारू लागली.

कुसळआईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या पोटात घातल्या असत्या. पण सुनेनं तिला वेळ दिला होता. त्या पंख्याखाली सून तिच्यासाठी थांबली होती, आणि तिनं तो वेळ वाया घालवला होता.

ऊन तापायचं तसं तापतच होतं. थोड्या दिवसांनी सकाळी तोंड धुताना कुसळआईला ओठाच्या त्याच कोपऱ्यावर मुंग्या आल्यासारखं झालं. हात लावला. वर काही नव्हतं. आतून मात्र चुरचुरत होतं, ओळखीचं. दिवसभर ती ओठाला बोट लावू नये म्हणून पदराशी चाळा करत बसली.

आणि त्याच दिवशी ठेंगणी डोळा धरून आली. खडी फोडताना चूर उडाला होता. ती येऊन सवयीनं आडवीच झाली, डोकं थेट मांडीवर. "काढ गं लवकर, पाणी पाणी झालंय."

कुसळआईनं तिचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला ठेवलं. म्हणाली, मी नाही काढणार, पाण्यानं धू. ठेंगणी उठून बसली. एका डोळ्यानं बघत म्हणाली की सुनेचा काढलास तेव्हा हौसेनं काढलास, माझंच तोंड वाईट का? चार बायका जमल्या. मुकादमही वळला. ओठावर काहीच दिसत नव्हतं. काढला असता तर कुणालाही कळलं नसतं. म्हातारपण आलं, नजर गेली, असं काहीही सांगून सुटता आलं असतं.

"तुझं तोंड नाही, माझं वाईट आहे," कुसळआई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माझ्या ओठावर पुळ्या होत्या तेव्हा मी सुनेच्या डोळ्यात जीभ घातली. ती नको म्हणत होती. मी तिला चारचौघांत लाजवून मांडीवर झोपवलं. तिच्या डोळ्यात जे गेलं ते माझ्या तोंडातून गेलं. वर चुकीचं औषध घातलं तेही मीच. डॉक्टरीणबाईनं विचारलं तर मी गप्प बसले आणि सुनेनं मला झाकलं. आता तिला काणी म्हणायचं असेल तर आधी मला काय म्हणायचं ते ठरवा. आणि या मांडीवर यापुढे कुणी डोकं ठेवू नका."

ठेंगणीनं नकळत आपला डोळा हातानं झाकून घेतला. मग एक बाई दुसरीच्या कानाला लागली, ती तिसरीच्या. पोराला कडेवर घेतलेली एकजण मागे सरकली. मुलगा घण टाकून आला होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि त्याला आपलं त्या दुपारचं ओरडणं आठवलं असावं, कारण त्याची मान खाली गेली. सून आपल्या दगडापाशी होती. तिनं ऐकलं होतं. ती उठून आली नाही आणि सासूकडे पाहून हसलीही नाही. तिनं टाकी उचलली, नेम धरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला आणि हातोडी मारली. घाव बसला.

गर्दी पांगली. खाणीत एक जुना पाथरवट होता, आता नुसता सावलीला बसून हातोड्यांना दांडे बसवणारा. त्याचा डावा डोळा तरुणपणीच पांढरा पडलेला, शिंपल्यासारखा. तो काठी टेकत आला आणि कुसळआईच्या शेजारी खाली बसला.

"कुसळे," तो म्हणाला, "माझा हा डोळाही... तू तेव्हा नवीन होतीस. तुझ्याच मांडीवर पडलो होतो."

कुसळआईनं त्याच्या त्या डोळ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं समोर होता. तेव्हा आपल्या ओठावर काही होतं का, हे आठवायचा तिनं जीव तोडून प्रयत्न केला. आठवेना. आणि मग अशा किती दुपारी, किती माणसं, किती पोरं मांडीवरून उठून गेली, ती सगळी एकामागून एक तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "असेलही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. म्हणाला, "खडा मात्र निघाला होता हो त्या दिवशी. मोठा होता." आणि तिच्या फडक्यात गुंडाळलेल्या बोटांवर आपला खरबरीत हात ठेवून तसाच बसून राहिला. कुसळआई रडली. आवाज न करता, तोंड बाजूला वळवून.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. कुसळआईचं देव बघून घेईल, त्याच्याकडे तिच्यासाठी वेळ आहे. तुमच्याकडे एकच मागणं. आज घरी जाऊन हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागून झालं की क्षणभर त्या सुनेला आठवा. कठड्याची कड तिनं पावसाच्या आत पूर्ण केली. माझा त्या पुलावरून जायचा योग आला, हात टेकवून पाहिला. कुठेही बोचत नाही.